ग्रंथमालेत शिरायचं कुठून? आर्थिक इतिहासाच्या नव्या वाचकासाठी

एम.ए.ला नुकता प्रवेश घेतलेला विद्यार्थी असो, स्पर्धा परीक्षेच्या नोट्सना कंटाळून "आता जरा नीट वाचू" म्हणणारा असो, की गिरण्यांवर माहितीपट करायला निघालेली एखादी मुलगी असो, सगळ्यांना कुणीतरी हाच सल्ला देतं: "केंब्रिजचे खंड बघ." मग ग्रंथालयात ते जाडजूड खंड टेबलावर येतात, माणूस पहिल्या खंडाचं पहिलं पान उघडतो आणि दोन-तीन बैठकांत दिल्ली सल्तनतीच्या महसुलात अडकून पुस्तक परत करतो. त्याला हवं असतं १९६६चं रुपयाचं अवमूल्यन. ते त्या खंडात नसतंच.

विद्यापीठीय ग्रंथमाला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्यासाठी केलेल्या नसतात. आपला प्रश्न हातात धरून त्यांत शिरायचं, हवं ते काढायचं आणि एका मालेतलं म्हणणं दुसऱ्या मालेतल्या पुस्तकासमोर उभं करायचं. ते कसं करायचं ते पायरीपायरीनं सांगतो. उदाहरणं भारताच्या आर्थिक इतिहासातली आहेत, त्यातही मुंबई-पुण्याकडची जरा जास्त.

पहिली पायरी: हातात काय आहे ते ओळखा

'माला' या एका नावाखाली निदान पाच वेगळ्या जातींची पुस्तकं येतात आणि प्रत्येकीला वेगळे प्रश्न विचारावे लागतात.

पहिली जात सामूहिक खंडांची. 'केंब्रिज इकॉनॉमिक हिस्टरी ऑफ इंडिया' हे तिचं ठळक उदाहरण. दोनच खंड आहेत. पहिला साधारण १२०० ते १७५० या काळाचा, तपन रायचौधरी आणि इरफान हबीब यांनी संपादलेला, १९८२चा. दुसरा १७५७ ते १९७०चा, धर्मा कुमार यांनी मेघनाद देसाईंच्या साहाय्यानं संपादलेला, १९८३चा. प्रत्येक प्रकरण वेगळ्या माणसानं लिहिलंय. म्हणून "केंब्रिज असं म्हणतं" हे वाक्य कधीच लिहू नका. प्रकरण कुणाचं आहे ते लिहा. पश्चिम भारताची १७५७ ते १८५७ची प्रादेशिक अर्थव्यवस्था व्ही. डी. दिवेकरांनी लिहिलीय, मोठ्या उद्योगांचं प्रकरण मॉरिस डेव्हिड मॉरिस यांचं आहे, स्वातंत्र्यानंतरच्या अर्थव्यवस्थेचं ए. वैद्यनाथन यांचं. हिरोशी फुकाझावा या जपानी अभ्यासकानं तर दख्खनच्या शेतजमिनीवर दोन्ही खंडांत लिहिलंय. महाराष्ट्राचा ग्रामीण इतिहास हवा असणाऱ्यानं त्याची ही दोन प्रकरणं लागोपाठ वाचावीत आणि बाकीचा खंड खुशाल बंद ठेवावा.

दुसरी जात एकलेखकी आटोपशीर खंडांची. १९८७पासून निघालेली 'न्यू केंब्रिज हिस्टरी ऑफ इंडिया' ही तशी. तिचे चार विभाग आहेत आणि प्रत्येक पुस्तकाला रोमन-अरबी जोडक्रमांक आहे. तिसऱ्या विभागातलं तिसरं पुस्तक म्हणजे बी. आर. टॉमलिन्सन यांचा आधुनिक अर्थव्यवस्थेचा इतिहास. चौथ्या विभागातलं पहिलं म्हणजे पॉल ब्रास यांचं स्वातंत्र्योत्तर राजकारणावरचं. मराठ्यांवरचं स्टुअर्ट गॉर्डन यांचं आणि पोर्तुगीजांवरचं एम. एन. पिअरसन यांचं पुस्तकही याच मालेत आहे, त्यामुळे गोव्याच्या वाचकालाही इथे दार आहे. नवख्यानं सुरुवात करावी ती या जातीपासून. एकाच माणसाचा आवाज, मर्यादित पानं आणि शेवटी 'पुढे काय वाचावं' यावरचा टिपणवजा निबंध. पुस्तकाचं निम्मं मोल त्या निबंधात असतं.

तिसरी जात प्रबंधग्रंथांची: एक प्रश्न, एक प्रदेश, तीस-चाळीस वर्षांचा काळ आणि ढीगभर तळटीपा. राजनारायण चंदावरकरांचा मुंबईच्या कापडगिरण्यांवरचा १९९४चा ग्रंथ 'केंब्रिज साउथ एशियन स्टडीज' या मालेतला. चौथी जात संस्थेनं स्वतःच लिहून घेतलेल्या इतिहासाची. रिझर्व्ह बँकेच्या इतिहासाचे पाच खंड हे तिचं उदाहरण. पाचवी जात साधनग्रंथांची. महाराष्ट्र शासनानं १९७९पासून काढलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या मालेतला सहावा खंड घ्या. ईस्ट इंडिया कंपनीचा वित्तव्यवहार, प्रांतिक वित्तव्यवस्था आणि रुपयाचा प्रश्न, असं त्यांचं अर्थशास्त्रीय लेखन त्यात एकत्र मिळतं. इथे इतिहासकार मध्ये नाही. मजकूर थेट त्या काळातला आहे.

पुस्तक यातल्या कुठल्या जातीचं हे कळायला मुखपृष्ठ पुरत नाही. आतलं अर्धशीर्षक पान, म्हणजे मुख्य शीर्षकपानाआधीचं पान, आणि त्याच्या पाठची बाजू बघा. मालेचं नाव, मालासंपादक, क्रमांक आणि आधीच्या पुस्तकांची यादी तिथे असते.

दुसरी पायरी: दोन सनावळ्या लिहून घ्या

वहीत पुस्तकाच्या नावाखाली दोन गोष्टी लिहायच्या: पुस्तक कुठल्या काळाबद्दल आहे आणि ते छापलं कधी. या दोन्हींतलं अंतर समकालीन इतिहासात फार काही सांगून जातं.

रिझर्व्ह बँकेचं पाहा. १९३५ ते ५१चा पहिला खंड आला १९७०ला. १९५१ ते ६७चा दुसरा, जी. बालचंद्रन यांनी लिहिलेला, १९९८ला. १९६७ ते ८१चा २००५ला, १९८१ ते ९७चा २०१३ला आणि १९९७ ते २००८चा २०२२ला. म्हणजे जून १९६६च्या अवमूल्यनाची बँकेच्या बाजूची हकिगत वाचकासमोर यायला तीस वर्षांवर काळ गेला. तोवर त्यातले बहुतेक निर्णयकर्ते निवृत्त झालेले, कागद उघडे झालेले. उलट केंब्रिजचा दुसरा खंड १९७०पाशी थांबतो आणि १९८३ला छापला जातो. हरितक्रांतीचा पुढचा प्रवास, १९९१चं परकीय चलनाचं संकट हे सगळं त्याच्या लेखकांच्या नजरेपलीकडचं. त्या प्रकरणांतला नियोजनाविषयीचा सूर वाचताना हे ध्यानात ठेवावं. आपल्याकडे सरकारी कागद पंचवीस वर्षांनी अभिलेखागाराकडे जावेत असा नियम आहे. जातातच असं नाही, पण गेल्या दहा-पंधरा वर्षांवरचं पुस्तक फायलींऐवजी अहवाल, वर्तमानपत्रं आणि मुलाखती यांवर उभं असणार, एवढं गृहीत धरायला हरकत नाही.

आवृत्तीही बघा. टॉमलिन्सन यांचं पुस्तक १९९३ला १८६० ते १९७० या काळाचं होतं. २०१३च्या दुसऱ्या आवृत्तीत ते एकविसाव्या शतकापर्यंत आलं. ग्रंथालयात बहुधा जुनी प्रत असते. संदर्भ देताना आवृत्ती लिहिली नाही तर तुमचा पृष्ठक्रमांक पुढच्याला सापडणार नाही.

तिसरी पायरी: नकाशा तपासा

या पायरीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी वाचक सगळ्यात जास्त फसतो तो इथेच. तक्त्यात 'बॉम्बे' दिसलं की आपण मनातल्या मनात 'महाराष्ट्र' वाचतो.

मुंबई इलाख्यात १९३६पर्यंत सिंध होता. गुजरातचे आणि उत्तर कर्नाटकाचे जिल्हे होते. विदर्भ मात्र नव्हता. तो मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. मराठवाडा निजामाच्या हैदराबादेत. कोल्हापूर, सांगली, औंध ही संस्थानं, म्हणजे पुष्कळ तक्त्यांत ती एकतर वगळलेली किंवा 'संस्थानं' या एका ओळीत कोंबलेली. १९५६ला विदर्भ आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आले, १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. गोवा तर डिसेंबर १९६१पर्यंत भारताच्या आकडेवारीतच नाही.

याचा अर्थ असा की १९३१च्या जनगणनेतला मुंबई इलाख्याचा आकडा आणि १९६१चा महाराष्ट्राचा आकडा शेजारीशेजारी ठेवून "इतकी वाढ झाली" म्हणता येत नाही. वऱ्हाडातला कापूस एका तक्त्यात नाही आणि दुसऱ्यात आहे. तेवढ्यावरून महाराष्ट्रात कापसाची क्रांती झाल्याचा शोध कुणी लावू नये. केंब्रिजच्या दुसऱ्या खंडातला 'पश्चिम भारत' हाही महाराष्ट्र नव्हे, त्यात गुजरात आला. तक्त्याखालची बारीक अक्षरातली टीप वाचल्याशिवाय आकडा वहीत उतरवायचा नाही, असा नियमच करून टाका.

पुस्तकाच्या शेवटच्या सूचीत शोधतानाही जुनी स्पेलिंग लक्षात ठेवावीत. पूना, शोलापूर, नासिक, ठाणा, कुलाबा. आजच्या स्पेलिंगनं शोधून "यात सोलापूरचं काहीच नाही" म्हणत पुस्तक मिटणारे कमी नाहीत. मुकादम शोधायचा तर 'जॉबर'खाली.

चौथी पायरी: प्रश्न छोटा करा

"भारताचा आर्थिक इतिहास वाचायचाय" हा काही प्रश्न झाला नाही. "१९२८ला मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद का राहिल्या?" हा झाला. तो घेऊन मालांत कसं फिरायचं ते करून दाखवतो.

आधी टॉमलिन्सन यांच्यातलं उद्योगांवरचं प्रकरण. इथून फक्त पार्श्वभूमी घ्यायची: पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरलेली, जपानी कापडाची स्पर्धा, चढा विनिमय दर, गिरणीमालकांची कोंडी. मग केंब्रिजच्या दुसऱ्या खंडात मॉरिस यांचं प्रकरण. याच मॉरिसनी १९६५ला मुंबईच्या गिरणीकामगारांवर एक पुस्तक लिहिलं होतं. खेड्यातला माणूस कारखान्याला रुळत नाही, म्हणून मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर टिकत नाहीत, ही तेव्हाची रूढ समजूत त्यांनी मोडून काढली. मजूर मुबलक होते. शिस्तीचा गोंधळ होता तो मालकांच्या धोरणातून आलेला, असं त्यांचं म्हणणं.

यानंतर चंदावरकर. सगळं पुस्तक नाही. सूचीत 'जनरल स्ट्राइक', 'रॅशनलायझेशन', 'बदली', 'जॉबर' हे शब्द शोधून तेवढी पानं. इथे चित्र दाट होतं. बाजार खालीवर होतो तसे हात वाढवायचे-घटवायचे, त्यासाठी रोज दारावर बदली कामगारांची रांग उभी ठेवायची. मालकांच्या दृष्टीनं ही धंद्याची चाल होती, अडाणीपणा नव्हता. तोट्यात आल्यावर त्यांनी एकेका कामगारावर जास्त यंत्रं टाकायला सुरुवात केली. संप त्यातून पेटला, एप्रिल ते ऑक्टोबर चालला आणि गिरणी कामगार युनियन त्यातून मोठी झाली. शिवाय संपकरी तग कसा धरतो हे गिरणीच्या फाटकाआत पाहून कळत नाही. चाळ, खानावळ, उधारी देणारा वाणी, आखाडा, रत्नागिरी-साताऱ्याकडचं गाव, या साऱ्याकडे चंदावरकर नेतात.

एवढ्यात तुमच्याकडे तीन पुस्तकांतली मिळून शे-दीडशे पानं वाचून झालेली असतात आणि कुठलाच खंड पूर्ण वाचलेला नसतो. बिघडत काहीच नाही. मात्र इथे थांबून एक पान स्वतःच्या शब्दांत मराठीत लिहून काढा. इंग्रजी वाक्यं उतरवून घेतली की समजल्याचा भास होतो. मराठीत लिहायला बसलं की कुठे कळलं नाही ते लगेच उघडं पडतं.

आणखी एक. हाच प्रश्न १९८२च्या संपाबद्दल असेल तर यातल्या एकाही पुस्तकात उत्तर नाही. चंदावरकरांचा ग्रंथ १९४०लाच थांबतो. तिथे 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चे त्या वर्षांतले अंक काढावे लागतील. सुदैवानं ते मुंबईचंच.

पाचवी पायरी: तक्ते वाचायला शिका

इतिहासाकडून आलेले वाचक तक्ता दिसला की पान उलटतात आणि अर्थशास्त्राकडून आलेले फक्त तक्ताच बघतात. दोघांनीही खालचा हिशेब एकदा कागदावर करून बघावा.

६ जून १९६६ला डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैसे झाला. एका पुस्तकात तुम्ही वाचता, रुपयाचं ३६.५ टक्के अवमूल्यन झालं. दुसऱ्यात वाचता, डॉलर ५७.५ टक्क्यांनी महागला. छापखान्याची चूक वाटते. पण वाढ २ रुपये ७४ पैशांची, ती ७.५०ला भागली की ३६.५ टक्के येतात, ४.७६ला भागली की साधारण ५७.५. दोन्ही बरोबर. टक्का दिसला की 'कशाचा?' हे विचारायचं, एवढंच.

याच जातीचे आणखी दोन प्रश्न: किमती चालू (त्या त्या वर्षीच्या) आहेत की स्थिर (महागाई वगळून एकाच वर्षाच्या भावानं मोजलेल्या), आणि स्थिर असतील तर ते वर्ष, म्हणजे आधारवर्ष, कुठलं? राष्ट्रीय उत्पन्नाच्या बाबतीत तर कुणाचा अंदाज आहे हेही बघावं लागतं. केंब्रिजच्या दुसऱ्या खंडातले अंदाज ॲलन हेस्टन यांचे आहेत; एस. शिवसुब्रमण्यन यांनी विसाव्या शतकासाठी पुढे स्वतंत्र आकडे मांडले. आज ब्रिटिशकालीन उत्पन्नावर लिहिणाऱ्यानं १९८३च्या तक्त्यावरच विसंबणं बरं नाही.

सहावी पायरी: भांडण शोधा

प्रतिष्ठित मालेत आलं म्हणजे सर्वमान्य झालं, हा समज लवकर जावा. केंब्रिजच्या पहिल्या खंडाचे सहसंपादक इरफान हबीब यांनीच दुसऱ्या खंडावर १९८५ला 'मॉडर्न एशियन स्टडीज'मध्ये घणाघाती टीका केली. वसाहतीच्या अर्थव्यवस्थेचा अभ्यास करताय आणि त्यात वसाहतवादच दिसत नाही, हा तिचा रोख. संपत्तीचा बाहेर वाहणारा ओघ, उद्योगांचा ऱ्हास यांना त्या खंडात दिलेलं दुय्यम स्थान त्यांना मान्य नव्हतं. दादाभाई नौरोजींपासून चालत आलेला हा वाद आहे, आणि तो खंडाच्या आत नाही तर खंडाच्या परीक्षणात जास्त स्पष्ट दिसतो. म्हणून कुठलाही जाड ग्रंथ हाती घेण्याआधी त्याची दोन परीक्षणं वाचावीत, शक्यतो एक बाजूचं आणि एक विरोधातलं. सरकारी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना अशी नियतकालिकं आता केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेतून पाहता येतात. ग्रंथपालांना विचारा, बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

संस्थेच्या अधिकृत इतिहासाला तर जोडीदार लागतोच. रिझर्व्ह बँकेचे खंड कागदपत्रांच्या बाबतीत अतुलनीय आहेत, गव्हर्नर आणि अर्थमंत्री यांच्यातला पत्रव्यवहार दुसरीकडे इतका सलग मिळत नाही. पण खर्च संस्थेचा आहे आणि पाहणंही संस्थेच्या खिडकीतून आहे. १४ बँकांचं १९६९चं राष्ट्रीयीकरण तिसऱ्या खंडात वाचलंत तर त्याच्यासोबत राजकीय इतिहासाचं एखादं पुस्तक ठेवा. पहिल्या खंडासोबत आंबेडकरांचा सहावा खंड ठेवून बघा; १९२३चा तरुण अर्थशास्त्रज्ञ रुपयाबद्दल काय म्हणत होता हे बँकेच्या जन्मकथेशेजारी वाचण्यात वेगळी मजा आहे.

सातवी पायरी: पुस्तक मिळवा

विदेशी पक्क्या बांधणीच्या किमती बघून घाम फुटतो. आधी भारतीय आवृत्ती निघालीय का ते पाहा. केंब्रिजच्या आर्थिक इतिहासाची ओरिएंट लाँगमननं काढली होती आणि जुन्या बाजारात ती अजून फिरते. रिझर्व्ह बँकेचे खंड बँकेच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. कापडगिरण्या किंवा सहकार यांवरचे भारतीय प्रबंध 'शोधगंगा' या प्रबंधांच्या संकेतस्थळावर सापडतात.

पुण्यात असाल तर गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय. १९३०ला सुरू झालेल्या या संस्थेची स्वतःची क्रमांकित प्रकाशनमाला आहे आणि नवख्यांना ती कुणी सांगत नाही याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी दोन भागांत, १९४५ आणि १९५२ला, याच मालेत आली. काळे स्मृतिव्याख्यानांच्या पुस्तिका तर पातळशा, एका बैठकीत संपणाऱ्या. आंबेडकरांचं संघराज्यावरचं जानेवारी १९३९चं भाषण त्यांतलंच. मोठ्या खंडांची धास्ती वाटत असेल तर इथून सुरुवात करावी. मुंबईत एशियाटिक सोसायटी आणि कलिन्याचं विद्यापीठ ग्रंथालय, पणजीत कृष्णदास शामा ग्रंथालय.

जाता जाता एक सावधगिरी. "संपादित ग्रंथात प्रकरण छापा, आयएसबीएनसह, इतके रुपये" असे निरोप प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सतत फिरतात. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा नोंदणी क्रमांक, दर्जाचा दाखला नव्हे. मालेला नावानिशी संपादक आहेत का, हस्तलिखित बाहेरच्या तज्ज्ञांकडे तपासायला जातं का, आधीच्या पुस्तकांची परीक्षणं कुठे आलीत का, हे तीन प्रश्न विचारले की चित्र स्वच्छ होतं. उत्तरं 'नाही' आली तर तिथे छापू नये, आणि तिथलं उद्धृतही करू नये.

आठवी पायरी: तळटीपेच्या मागे जा

दोन-तीन महिने असं वाचलं की तळटीपांतली ठरावीक नावं ओळखीची व्हायला लागतात. मुंबईच्या गिरण्यांबद्दल वाचत असाल तर सरकारच्या गृहखात्याच्या आणि महसूल खात्याच्या फायली, गिरणीमालक संघाचे वार्षिक अहवाल, संपाच्या चौकशी समितीपुढल्या साक्षी. यातलं बरंचसं महाराष्ट्र राज्याच्या अभिलेखागारात आहे, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत. रुपया, बँका, सहकारी पतपुरवठा यांबद्दल वाचत असाल तर रिझर्व्ह बँकेचं अभिलेखागार पुण्यातच आहे, १९८१पासून.

पहिल्या खेपेला मोठी यादी नेऊ नका. तुम्ही वाचलेल्या एखाद्या प्रकरणातली एकच तळटीप निवडा, फाइल क्रमांक आणि वर्ष जसंच्या तसं उतरवून घ्या, आधी पत्र किंवा ई-मेल करून परवानगीची पद्धत विचारा, मार्गदर्शकांचं शिफारसपत्र आणि ओळखपत्र सोबत ठेवा. ती फाइल मागवा आणि लेखकानं तिच्यातलं काय घेतलंय, काय सोडलंय ते पुस्तक शेजारी ठेवून ताडून बघा.